अकरा खडे बाटलीत, बारावा माझ्यात

दोन महिन्यांपूर्वी एका मंगळवारी मी पर्समध्ये अकरा खडे घालून वारज्याहून हडपसरला गेले. कुणाला मारायला नव्हे... खडे माझेच होते, पित्ताशयातले.

पित्ताशय काढून तेव्हा चार महिने झाले होते. ऑपरेशननंतर सर्जननी ते खडे छोट्या बाटलीत घालून आमच्या ह्यांच्या हातात दिले, नुकतं जन्मलेलं बाळ द्यावं तसे. ह्यांनी बाटली टीव्हीच्या शोकेसमध्ये मांडली, माझ्या आदर्श शिक्षिकेच्या ढालीशेजारी. येणाऱ्या पाहुण्याला आधी खडे, मग चहा.

दुखणं मात्र गेलं नाही. उजव्या बरगडीखाली कळ यायची ती थेट पाठीत. दोन घास जास्त झाले की उलटी. सर्जन म्हणाले, गॅसेस. पुढच्या खेपेला म्हणाले, "ताई, मन रमवा कशात तरी."

घरी तर पुरावा तयारच होता. मी पोट धरून बसले की ह्यांची नजर शोकेसकडे जायची. नणंदबाईंनी तर बाटली उजेडात धरून हलवून पाहिली. "वहिनी, खडे सगळे इथे बसलेत की! मग दुखतंय काय?"

मी पंचवीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवतेय. प्रत्यक्ष, म्हणजे स्वतःचा अनुभव, हे पहिलं प्रमाण, हे न्यायशास्त्राच्या पहिल्या धड्यात घोकलेलं. इथे प्रत्यक्ष माझ्या पोटात आणि घराने प्रमाण मानली बाटली!

एका दुपारी तर मलाच वाटलं, मी नाटक तर करत नाही ना? कळ सोसत होते, पण ह्या शंकेची मात्र सणसणीत चीड आली. दुसऱ्याच दिवशी, ह्यांना न सांगता, बस पकडली.

हडपसरच्या पोटविकारतज्ज्ञ डॉक्टरबाई माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. खुर्चीत टेकायच्या आधी मी बाटली टेबलावर ठेवली. "हे बाहेर आलेलं. आत काय राहिलंय ते बघा. मन रमवा म्हणणार असाल तर आत्ताच सांगा, मला परतीची बस गाठायचीय."

त्यांनी बाटली शांतपणे बाजूला सरकवली. "काकू, कुठे दुखतं? एका बोटाने दाखवा."

चार महिन्यांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं हो... बोट ठेवलं आणि डोळे भरून आले. चष्मा पुसायच्या निमित्ताने वेळ मारून नेली.

रक्ततपासणी झाली, एमआरआय झाला. पित्ताच्या नळीत बारावा खडा अडकून बसला होता. तोंडातून दुर्बीण घालून काढला.

त्या दिवशी हे सोबत होते. मी शुद्धीवर येतेय तोच कानावर ह्यांचा प्रश्न, "डॉक्टर, खडा?"

"तो आतड्यात सोडून दिला काका. जाईल आपोआप."

ह्यांचा चेहरा पडला. "मग लोकांना दाखवायचं काय?"

घसा दुखत होता, तरी म्हटलं, "काही दाखवायचं नाही. मी सांगतेय म्हणून मानायचं."

घरी आल्यावर बाटली माळ्यावर टाकली. ढाल आता एकटीच ऐसपैस बसलीय.

सगळं छान झालं असं मात्र लिहिणार नाही. अजून अधूनमधून कळ येते, तळलेलं बंद आहे, नळीची सूज उतरायला वेळ लागेल म्हणतात. लागू दे. आता कळ आली की मी ती कुणालाही न घाबरता मोठ्याने सांगते, नणंदबाई आल्या असतील तर जरा जास्तच मोठ्याने.

परवा जेवताना म्हटलं, दुखतंय. ह्यांनी सवयीने शोकेसकडे पाहिलं. तिथे नुसती ढाल. मग माझ्याकडे वळले, ताट बाजूला केलं आणि म्हणाले, "कुठे? बोटाने दाखव बघू."

डॉक्टरबाई, बाराव्या खड्याबद्दल आभार. ह्या प्रश्नाबद्दल त्याहून जास्त.