न्गादिनाच्या वाळूचा श्वास

न्गादिनाला सगळं चालायचं, कासिराच्या मागं राहणं तेवढं चालायचं नाही. जावाच्या दक्षिण किनाऱ्यावर, वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी दोघी शेजारी राहायच्या. न्गादिना टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, करून विकायची, कासिरा शेळ्या राखायची. दोघींची साठी उलटली, पण चढाओढ संपली नव्हती.

त्या उन्हाळ्यात विद्यापीठातली वेनिंग नावाची मुलगी आली आणि तिनं वाळूत प्लास्टिकच्या नळीची कडी रोवली. आठवड्यातून एकदा कड्यावर डबा पालथा घालायचा आणि यंत्रात आकडा बघायचा.

"मुळं आणि वाळूतले बारीक जीव श्वास टाकतात, आजी. तो मोजते मी."

कड्यांची राखण दोघींवर सोपवली. सुरूच्या झाडांखालची कडी कासिराला, उघड्या वाळूतली न्गादिनाला.

पहिल्याच मोजणीनंतर कासिरा कुंपणाशी येऊन उभी. "माझा आकडा तुझ्या दहापट! तुझी वाळू मेलीय गं. तिच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण कधी घालतेस?"

हे न्गादिनाला फार झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून सोयाबीन भिजवलेलं आंबट पाणी तिच्या वाट्याच्या सात नंबरच्या कड्यात जायला लागलं. रोज एक करवंटी.

पुढच्या खेपेला आकडा असा उसळला की वेनिंगनं यंत्र पुसून पुन्हा लावलं. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी वर.

"गवताची काडी नाही, आणि सुरूपेक्षा जास्त श्वास!"

"गुणाची आहे गं माझी वाळू," कासिराकडे बघत न्गादिना म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात वेनिंग तिच्या सरांनाच घेऊन आली. सर गुडघ्यांवर बसले, कड्यात नाक घातलं आणि झटकन मागं सरले.

"हा आंबूस वास कसला?"

"श्वास घेते म्हणता ना, सर? मग तोंडाला वास येणारच."

सर हसून हसून वाळूत बसले. वेनिंग हसली नाही. तिनं बोटानं वाळू उकरली, तर सोयाबीनचं साल हाताला लागलं.

"आजी, माझे तीन आठवडे गेले!" तिचा आवाज चिरकला.

आता मात्र न्गादिनाचा चेहरा उतरला. ती वेनिंगजवळ वाळूत बसली. "वही काढ. सगळं सांगते." कोणत्या दिवशी सुरुवात केली, किती करवंट्या, कोणत्या दोन बाजारांच्या दिवशी खाडा पडला, सगळं तिला पाठ होतं.

"बाकीच्या कड्यांत ओतलं नाहीस ना?"

"एवढं पाणी कुठून आणू पोरी?"

सात नंबरचे आकडे बाद झाले, पण सरांना त्यातून नवं सुचलं. उघड्या वाळूत तीन नवी कडी बसवली. एक कोरडं, एकात साधं पाणी, एकात आंबट. पाणी मापानं ओतायचं काम न्गादिनाला. साध्या पाण्यानंसुद्धा कोरडी वाळू दिवसभर जोरात श्वास टाकून पुन्हा गप्प व्हायची. आंबट पाण्याचं कडं चार-चार दिवस धापा टाकायचं. न्गादिना थेंब सांडू द्यायची नाही. शेळी जवळ आली तर शेळीला आणि कासिराला एकाच दमात शिव्या.

"हिला काम, मग मला का नाही?" कासिरा वेनिंगच्या मागंच लागली. शेवटी वेनिंगनं तिच्या हाती वाळूचा ताप बघायची नळी दिली. तेव्हापासून भर दुपारी कासिरा टेकडीवरून बोंबलून आकडा सांगते, न्गादिना ऐकू न आल्यासारखं करते, आणि कासिराला तो तीन-तीनदा सांगावा लागतो.