दोन सर्व्हर, दोन हार

मित्रहो, आज माझा पार पोपट झाला.

आमच्या गोंदियाच्या राइस मिलमध्ये मी दोन सर्व्हर जोडले. माझी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, दोघांवर माहितीची सारखीच डिस्क आपोआप तयार करते; एक बंद पडला की दुसरा काम सांभाळतो. "आता काम थांबणारच नाही," असं शेठजींना कालच छातीठोकपणे सांगितलं.

आज अर्जुनीच्या गोदामातून फोन आला. वजनकाट्यावर धानाचे ट्रक उभे, सर्व्हरवरून पावती निघेना. धावत मिलच्या सर्व्हर खोलीत गेलो, तर दोन्ही सर्व्हर बंद! दोघांवर हार, हळदकुंकू. फोरमन राऊतकाका अगरबत्ती ओवाळत होते.

"काका, बंद काऊन केले?"

"विश्वकर्मा पूजा आहे ना बाबू. चालू मशीनची पूजा करत असते का कोणी?"

"मग एक तरी चालू ठेवायचा!"

"अन् त्याले वाईट नसतं वाटलं?"

तिसरा सर्व्हर मागावा म्हणतो. पण मग काका हारही तीन आणतील, नाही का?