रंध्याचे दोन स्क्रू

दुसऱ्याचं हत्यार तो दोन बोटांनी उचलायचा, मेलेल्या उंदराला शेपटीने उचलावं तसं. मग ते डोळ्यांसमोर आणायचा, खालचा ओठ पुढे काढायचा आणि म्हणायचा, "कचरा!" एवढं झालं की हात पँटला पुसायचा. हे हात पुसणं महत्त्वाचं. त्याशिवाय अपमान पुरा होत नसे.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात त्याला सगळे मिस्त्री म्हणत. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही ओतकामासाठी लागणारे लाकडी साचे बनवायचो, शिवाय थोडं लेथचं काम. मिस्त्री साच्यांचा मुख्य सुतार आणि मी स्टोअरचा क्लार्क, खिळे तोलून आणि सँडपेपर मोजून देणारा. मंडळी, आधीच सांगून टाकतो, मला हा माणूस अजिबात आवडत नसे. पुढचं सगळं तेवढं तिखटमीठ बाजूला काढून ऐका.

त्याच्या मते जगात हत्यार एकच होतं, त्याचा विलायती लोखंडी रंधा. तरुणपणी कुठल्याशा साहेबाच्या वर्कशॉपमधून घेतलेला. बनवणाऱ्या कंपनीने तो रंधा काढणं कधीच बंद केलं होतं, आणि मिस्त्रीला वाटे ते आपल्या मानासाठीच केलं. बायकोचा उल्लेख मी त्याच्या तोंडून वर्षातून दोनदा ऐकला असेल. रंध्याचा दिवसातून दहादा. दुपारी डबा झाला की तो लाकडावरून एकच हात फिरवायचा आणि सिगारेटच्या कागदाइतकी पातळ पापडी काढून दाखवायचा. "ह्यातून पेपर वाचता येतो," असं म्हणायचा, आणि वाचूनही दाखवायचा. एकदा त्या पापडीतून त्याने आम्हाला अख्ख्या निधनवार्ता वाचून दाखवल्या. अन्न पचायला किती मदत झाली ते विचारू नका.

पण त्याचं खरं नाटक रंगायचं खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेच्या दिवशी. लांब फळीवर पांढरं कापड अंथरलेलं, त्यावर सगळ्यांची घासूनपुसून आणलेली हत्यारं, झेंडूची फुलं. मधोमध मिस्त्रीचा रंधा, सिंहासनावर बसल्यासारखा. पूजेआधी हा मागे हात बांधून फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचा. तडा गेलेलं, दात पडलेलं, काही कमी असलेलं हत्यार दिसलं की दोन बोटांनी उचलून खाली ठेवायचा. "मोडकं पूजेला चालत नाही."

असाच त्याने एके वर्षी आमच्या गावडेचा हातोडा काढला. गावडे लेथवर काम करायचा, मालवणकडचा, शांत माणूस. हातोड्याच्या दांड्याला केसाएवढी चीर होती. आणि त्याच वर्षी माझा वजनकाटा काढला. हो, मीही माझा काटा पूजेला ठेवायचो. क्लार्कला हत्यार नसतं असं थोडंच आहे? मिस्त्री वाकला, रिकाम्या पारड्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "काटा शून्यावर येत नाही. खोटं बोलतंय हे. देवापुढे नको." झालं! तेव्हापासून महिनाभर जो तो माझ्याकडून खिळे घेताना पारड्याखाली डोकावायचा.

आता मला सांगा, अशा माणसाचा रंधा मोडल्यावर मी काय करावं?

पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीला दहाबारा दिवस होते. रंध्याचं पातं ज्या बैठकीवर टेकतं, ती खाली दोन स्क्रूंनी बसवलेली असते. मिस्त्री त्यातला एक आवळत होता. कट्ट असा आवाज झाला. स्क्रूचं डोकं तुटून त्याच्या चपलेपाशी पडलं. तो कितीतरी वेळ डोक्याकडे पाहत उभा राहिला आणि मी स्टोअरच्या खिडकीतून त्याच्याकडे. आनंदाच्या उकळ्या म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

मिस्त्री नवा स्क्रू आणायला निघाला तेव्हा मालक मला म्हणाले, "तू जा रे बरोबर. तो दुकानदारांशी भांडतो." मी तर तिकीट काढूनही बघायला गेलो असतो.

भोकात अडकलेला तुकडा त्याने कोरून काढला होता, आणि नमुन्यासाठी उरलेला दुसरा स्क्रूही. काडेपेटीत कापूस घालून त्यावर तो ठेवला होता, सोनाराकडे कानातलं न्यावं तसा. घाटकोपरच्या पहिल्या दुकानात शेटने त्यावर एक नट फिरवला. दोन फेरे गेला आणि अडकला.

"जबरदस्ती नको!" मिस्त्री ओरडला.

"काका, याचे आटेच वेगळे आहेत. इंचाला चोवीस. असा माल आता येत नाही. एमएमवाला घ्या ना, थोडा ठोकला की बसतो."

"ठोकला की?" मिस्त्रीचे कान लाल झाले. "स्क्रू ठोकतोस तू? आणि दुकान मांडून बसलायस?"

आम्ही अशी सात दुकानं केली. प्रत्येक दुकानाच्या पायरीवर हात पुसणं झालं. शेवटी कुर्ल्याच्या भंगार बाजारात एका म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर चढवून स्क्रू पाहिला, काडेपेटीत परत टाकला आणि म्हणाला, "चाचा, कंपनी बंद, स्क्रू बंद. रंधा इधर लाके डालो. किलो के भाव में जाएगा. कचरा है."

कचरा! मंडळी, त्या म्हाताऱ्याला मी मिठीच मारणार होतो. मिस्त्रीचा चेहरा बघायला वळलो. तो काडेपेटी बंद करत होता. साधी काडेपेटी. तीन प्रयत्न लागले.

परतीच्या बसमध्ये मी सापळा लावला. "मिस्त्री, ते स्क्रू पात्याखालीच जातात ना? बैठक तशीच ठेवा, वर पातं लावा, दोन फुलं घाला. कोणाला दिसणार आहे?" माझा बेत पक्का होता. ऐन पूजेत मीच पातं उचलून दाखवणार होतो, आणि त्याचंच वाक्य त्याच्याच आवाजात म्हणणार होतो. आरशासमोर सरावही झाला असता.

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओठ पुढे आला. "कचरा," तो म्हणाला, आणि हात पँटला पुसला. मला बोटही लावलेलं नसताना.

उतरताना काडेपेटी माझ्या हातात कोंबली. "स्टोअरमध्ये ठेव. सुटा स्क्रू मी घरी नेत नाही."

दुसऱ्या दिवशी गावडे खिडकीशी आला. "सॅम्पल दाखव बघू."

"कशाला? बुडू दे की त्याला. तुझा हातोडा विसरलास?"

"तेणी काढल्यान म्हणान मी दांडो बदललंय," गावडे काडेपेटी उचलत म्हणाला. "तुझो काटो अजून तसोच आसा."

काडेपेटी नेऊ दिली, वर सळईचा तुकडाही दिला. मिस्त्रीने त्याला काही सांगितलं नव्हतं, सांगणाराही नव्हता. रोज जेवणाच्या सुट्टीत गावडे लेथवर वाकलेला दिसायचा. तीन स्क्रू बिघडले, ते त्याने डब्यात टाकले, कोणाला दाखवले नाहीत.

खंडेनवमीची सकाळ. मिस्त्रीनेच फळी धुतली, कापड अंथरलं. हत्यारं लागली, पण मधे रंध्याएवढी जागा रिकामी. रंधा त्याच्या जुन्या शर्टात गुंडाळून बाकाखाली ठेवलेला होता. मालक आले, नारळ हातात.

"मिस्त्री, तुमचा रंधा?"

"मोडका आहे," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मी हसायला तोंड उघडलं होतं. आजूबाजूला कोणीच हसत नव्हतं, तेव्हा ते जांभईसाठी वापरलं.

मग गावडे पुढे आला. तेलकट चिंधी उघडली. दोन नवे स्क्रू, शेजारी नमुन्याचा जुना. मिस्त्रीने एकेक उजेडात धरला, आट्यांवरून नख फिरवलं. जुन्याशेजारी ठेवून पाहिला. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. मालकांच्या हातातला नारळसुद्धा.

"खाच तिरकी आलीय," मिस्त्री म्हणाला.

"दुसऱ्याची सरळ आसा," गावडे म्हणाला.

मिस्त्रीने दुसऱ्याची बघितली. ओठ पुढे आला नाही. त्याच्या बोलीत याचा अर्थ काय होतो ते आम्हाला ठाऊक होतं. खाली बसून त्याने बैठक लावली, पातं चढवलं, पूजेच्या पाटासाठी आणलेल्या फळकुटावरून एक पापडी काढली आणि उजेडात धरली. मग रंधा घेऊन फळीपाशी आला. मधल्या रिकाम्या जागेत कोणीतरी तेवढ्यात गावडेचा हातोडा सरकवला होता. आमच्यातलाच खोडकर कोणीतरी. बरं, मीच.

मिस्त्रीने हातोडा उचलला. दोन बोटांनी नाही, पूर्ण मुठीत धरून. नवा दांडा तळव्यात एकदा तोलला. चार बोटं बाजूला सरकवून तो तिथेच ठेवला आणि शेजारी रंधा. मी त्याच्या हाताकडे बघत होतो. हात पँटकडे गेला नाही.

माझा काटा मात्र त्याही वर्षी खाली उतरला.

पुढच्या उन्हाळ्यात तो रिटायर झाला आणि रंधा घेऊन कोकणात गेला. जाताना माझ्या स्टोअरच्या दारावरून हात फिरवून "कचरा" म्हणाला. माझा निरोप एवढाच.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी काट्याची स्प्रिंग बदलून घेतली. सकाळी तो फळीवर ठेवला, पारड्याला टिचकी मारली, थांबलो, पुन्हा मारली. सगळे नारळाकडे बघत होते. फळीच्या कडेने मागे हात बांधून कोणी चालत येत नव्हतं.

काटा अगदी शून्यावर होता.