लिफ्ट क्रमांक दोनसमोरचा ट्रायलोबाईट

चंद्रप्रकाश गमरे यांच्या संग्रहातले बहुतेक ट्रायलोबाईट खोटे होते, आणि ते खोटे आहेत हे शोधून काढण्याचे कामही त्यांनाच करावे लागले होते. खनिजांच्या प्रदर्शनात विक्रेता माल मखमलीवर मांडतो, "मोरोक्कोचा आहे साहेब, एकदम ओरिजिनल" असे छातीठोकपणे सांगतो. आणि घरी आणून भिंगाखाली धरला, की कवचाच्या कडेने सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दिसू लागतात. साच्यात ओतलेल्या राळेत असे बुडबुडे राहतात, चुनखडीत राहत नाहीत. गमरे मग तो तुकडा पुन्हा कापसात गुंडाळून कपाटात ठेवीत. फेकवत नसे. विकणाऱ्याला जाब विचारावा, तर तो पुढच्या प्रदर्शनात दिसत नसे.

अंधेरीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ते भूगोल शिकवीत. शिकवीत म्हणण्यापेक्षा, भूगोल नको असलेल्या मुलांसमोर तो मोठ्याने वाचून दाखवीत. वय चोपन्न. या वयात माणसाला एखादा छंद शोभून दिसावा अशी अपेक्षा असते. पण ट्रायलोबाईटचा छंद मुंबईच्या माणसाने धरण्यासारखा नव्हेच. हा प्राणी समुद्राच्या तळाशी सरपटणारा, खेकडे-झिंग्यांच्या दूरच्या नात्यातला, अंगावर उभे तीन भाग असलेला. तो पंचवीस कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरून नाहीसा झाला. मुंबईचा काळा दगड तापलेल्या लाव्ह्याचा, आणि वय जेमतेम साडेसहा कोटी. म्हणजे बोरीवलीपासून मुलुंडपर्यंत सगळे डोंगर फोडले (आणि ते फोडलेच आहेत), तरी त्यात ट्रायलोबाईट सापडणे शक्य नाही. ते ज्या खडकांत सापडतात, त्या हिमालयातल्या स्पितीला ते एकदा रजा टाकून गेले होते. तेथे विरळ हवेने त्यांचे डोके असे धरले, की खडकाकडे पाहण्याऐवजी ते तंबूतल्या बादलीकडेच पाहत राहिले.

विकत घेतलेला आणि सापडलेला, या दोन शब्दांत संग्राहकाच्या जगात फार मोठे अंतर असते. गमरे यांना सापडलेला एक हवा होता. एकच. स्वतः पाहिलेला, स्वतः ओळखलेला.

तो त्यांना स्वतःच्या इमारतीत सापडला.

बोरीवलीतली त्यांची जुनी चार मजली सोसायटी पाडून बिल्डरने तेथे बावीस मजली मनोरा उभा केला. चार वर्षे भाड्याच्या घरात काढून रहिवासी परत आले, तेव्हा लॉबीत चकचकीत काळा दगड बसवलेला होता. त्या काळ्यावर पांढऱ्या-करड्या रेघा आणि चकत्या. एका रविवारी लिफ्ट बंद पडली म्हणून गमरे खाली ताटकळत उभे होते. नजर सहज पायाशी गेली. लिफ्ट क्रमांक दोनसमोर, अंगठ्याएवढ्या लांबीची, कंगव्याच्या दातांसारखी एक ओळ. तिच्या एका टोकाला अर्धवर्तुळ, आणि त्या अर्धवर्तुळात टाचणीच्या टोकांएवढे ठिपके, रांगेने मांडलेले.

गमरे गुडघ्यांवर बसले. खिशातले भिंग काढले. मग ओणवे झाले.

"सर, काय पडलं?" वॉचमनने विचारले.

"काही नाही. सापडलं."

घरी येऊन त्यांनी सुगंधाला खाली नेले. सुगंधाबाई एका बँकेत अधिकारी होत्या आणि पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचे अनेक दगड पाहिले होते.

"हे?" त्या म्हणाल्या. "अहो, मला वाटलं कुणाची चप्पल घासली."

"हा छेद आहे. दगड कापताना प्राणीही कापला गेला. हे ठिपके दिसतात ना, ती भिंगं आहेत डोळ्याची. चाळीस कोटी वर्षांपूर्वीचा डोळा."

"आणि तो नेमका आपल्या लिफ्टकडे बघत बसलाय." त्यांनी वाकून पुन्हा पाहिले. "लिफ्ट येत नाही हे त्याला सांगा तरी."

पण हसताना त्यांनी त्या जागेवरचा पाय बाजूला घेतला होता, हे गमरे यांनी टिपले.

ओळखणे म्हणजे नुसते 'हा ट्रायलोबाईट' असे म्हणणे नव्हे. त्याचा गट, कुळ, जमले तर प्रजाती सांगता आली पाहिजे. गमरे यांनी पट्टी ठेवून छायाचित्रे काढली आणि एका महाविद्यालयात जीवाश्मशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. मनाली पेडणेकर यांना पाठवली. त्यांचा फोन आला.

"गमरे सर, ट्रायलोबाईट नक्की. डोळ्यावरून फॅकोपिड गटातला असावा, पण छायाचित्रावरून मी तसं लिहून देणार नाही. फरशी अख्खी निघाली तर माझ्याकडे आणा. मागच्या बाजूने हळूहळू घासत गेलं तर डोकं मोकळं करता येईल. आणि खाण कुठली तेवढं शोधा. खाण माहीत नसेल तर पुढे काहीच म्हणता येत नाही."

खाण शोधायला गमरे यांनी दगड पुरवणाऱ्याला गाठले.

"इटालियन आहे सर."

"इटलीचा?"

"इटालियन. म्हणजे इम्पोर्टेड."

"पण कुठल्या देशातून?"

"सर, बाहेरून येतं ते सगळं इटालियनच. तुर्कीचं पण इटालियन, इराणचं पण इटालियन. तुम्हाला अजून हवंय का? थोडं शिल्लक आहे."

गमरे यांनी फोन ठेवला. एका संपूर्ण व्यवसायाने जगाच्या नकाशावर एकच देश शिल्लक ठेवला होता, आणि भूगोलाच्या शिक्षकाने त्याला काय म्हणावे?

तेवढ्यात सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची सूचना लागली. विषय अनेक होते. त्यांत एक, 'लॉबीतील सदोष फरशी बदलून घेणे'. कोणीतरी लिफ्टसमोरच्या त्या खुणेला तडा समजून तक्रार केली होती. वास्तविक ही गमरे यांच्या पथ्यावर पडणारी गोष्ट होती. ठराव मंजूर होऊ द्यायचा, बिल्डरचा माणूस येईल तेव्हा ती एक फरशी नीट काढून मागायची, आणि घरी न्यायची. सुगंधाबाईंनी निघताना बजावलेही, "तुम्ही तोंड उघडू नका. फक्त हात वर करा."

सभा पार्किंगमध्ये भरली. अध्यक्ष अनंत परब, मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते; स्वतः निवृत्त झाल्यापासून त्यांनी सोसायटीच कारखान्यासारखी चालवायला घेतली होती. सचिव नितेशने विषय वाचला.

"लिफ्ट नंबर दोनसमोर एका लादीत डिफेक्ट आहे. किडा लागल्यासारखं दिसतं. बिल्डर एक लादी बदलून देतोय. ओके? पुढचा विषय—"

"किडा दगडाक कधीपास्नं लागाक लागलो रे?" परबकाका म्हणाले आणि सगळे हसले.

गमरे यांना गप्प बसता आले असते. डिफेक्ट. किडा. तीस वर्षे चुकीची उत्तरे ऐकून ती दुरुस्त करण्याची जी सवय जडते, ती निवृत्तीपर्यंत सुटत नाही. ते उभे राहिले.

"सभासदहो, तो दोष नाही. तो जीवाश्म आहे."

"म्हणजे काय सर?" नितेशने विचारले. "मराठीत सांगा ना."

हा टोमणा होता की प्रश्न, हे गमरे यांना कळले नाही. त्यांनी तो प्रश्न मानला, आणि वर्गात सांगतात तशी काटेकोर व्याख्या सांगितली. "जीवाश्म म्हणजे दगडात टिकून राहिलेले मृत प्राण्याचे अवशेष."

"मृत?" सातव्या मजल्यावरच्या चंपाबेन म्हणाल्या. "मेलेलं जनावर? आपल्या दरवाज्यात?"

"चाळीस कोटी वर्षांपूर्वी मेलेलं," गमरे म्हणाले. "आणि तो एकटाच नाही. त्या पांढऱ्या चकत्या, लांब रेघा दिसतात ना, तेही सगळे समुद्रातले प्राणीच आहेत. संपूर्ण लॉबी..."

येथे त्यांना आपण काय करीत आहोत हे उमगले. पण वाक्य अर्धे सुटले होते आणि उरलेले अर्धे सभेने पूर्ण केले.

"संपूर्ण लॉबी? आम्ही रोज प्रेतांवरून चालतोय?"

"म्हणून तर लिफ्ट बंद पडते!"

"हसू नका हो. माझ्या सुनेला दिवस गेलेत, ती रोज त्यावरून येते-जाते."

"गणपती त्याच लॉबीतून आणला आपण. विटाळच झाला की हा."

तो शेवटचा शब्द मागच्या रांगेतून आला. बोलणाऱ्याच्या मनात तसे काही नसावे. दगडाबद्दलच तो बोलत होता. पण गमरे यांच्या आजोबांना त्या शब्दाचा अर्थ कधी शब्दकोशात पाहावा लागला नव्हता. गमरे यांच्याजवळ अजून मुद्दे होते. चुन्याचा प्रत्येक डबा, खऱ्या खडूचा प्रत्येक तुकडा अशाच जिवांचा बनलेला असतो, हे सांगता आले असते. फळ्यावर खडूने लिहिणाऱ्या माणसाने ते सांगायलाच हवे होते. ते खाली बसले.

चंपाबेन मात्र सभा संपल्यावर त्यांच्याजवळ आल्या. "गमरेभाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हां. बिचारा जीव. पण त्याच्यावर पाय नाही ठेववणार आता मला. ते तुम्हीच सांगितलं ना."

सगळ्या सभेत त्यांच्या एकटीचाच मुद्दा गमरे यांना पटण्यासारखा होता.

ठराव झाला तो असा : एक फरशी नव्हे, संपूर्ण लॉबी उखडावी आणि तेथे टाईल्स बसवाव्यात.

"लिफ्टसमोरची एक फरशी अख्खी काढून मला द्या," गमरे यांनी परबांना गाठून सांगितले. "बाकी काही मागणं नाही."

"अहो सर, घेवा ना. सगळीच घेवा." परबांनी खांद्यावर हात ठेवला. "पण घरात ठेवू नका. वहिनी वाईच घाबरतली."

"ती घाबरत नाही."

"मग तुम्ही तरी घाबरा."

ठरलेल्या दिवशी गमरे यांनी रजा मागितली. परीक्षेचे दिवस असल्याने ती नाकारण्यात आली. त्यांनी वॉचमनला सांगितले, मुकादमाला फोन केला, त्या फरशीवर खडूने मोठी फुली मारून ठेवली. मुकादमाने फोनवर तीनदा "हो सर" म्हटले. फुली मारलेली फरशी जपून काढायची, हे त्याने आपल्या माणसांना सांगितलेही असेल. पण बांधकामावर फुली मारतात ती फोडायच्या जागेवर. कामगारांनी शिरस्त्याप्रमाणे सुरुवात तेथूनच केली.

संध्याकाळी गमरे परतले तेव्हा लॉबीच्या जागी खरबरीत सिमेंट होते आणि फाटकाजवळ डेब्रिजच्या गोण्या रचल्या होत्या. निम्म्या गोण्या टेम्पो दुपारीच घेऊन गेला होता.

"कुठे टाकतात हे?" त्यांनी विचारले.

"भरणीला," वॉचमन म्हणाला. "कुठे तरी गोराईच्या बाजूला म्हणत होते."

गमरे यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि गोण्या उलट्या करायला सुरुवात केली. थोड्या वेळाने सुगंधाबाई ऑफिसच्या साडीवरच खाली आल्या. त्यांनी मोबाइलचा दिवा धरला. येणारे-जाणारे थबकत, कोणी विचारले, कोणी विचारले नाही. परबकाका गॅलरीतून ओरडले, "सर, पाठीक सांभाळा!"

"हा का?" सुगंधाबाईंनी एक तुकडा पुढे केला.

"नाही. तो नॉटिलॉइड, माकुळाच्या नात्यातला."

"आणि हा?"

गमरे यांनी तो घेतला, बोटाने धूळ पुसली. कंगव्याच्या दातांची ओळ होती. शेपटीकडचा भाग शाबूत होता. ओळ पुढे सरकत अर्धवर्तुळाच्या अलीकडे आली आणि तेथे दगड संपला.

उरलेल्या गोण्यांत डोळा नव्हता. एकेक तुकडा पाहून झाल्यावर त्यांनी गोण्या पुन्हा भरल्या, कारण तसे न केल्यास दुसऱ्या दिवशी त्याचीही तक्रार आली असती.

डॉ. पेडणेकरांनी तो तुकडा पाहिला. चहा दिला. "ट्रायलोबाईट आहे," त्या म्हणाल्या. "याहून जास्त मी नाही म्हणू शकत, सर. डोकं नाही, खाणही माहीत नाही." मग तुकडा परत देत, "सापडला मात्र तुम्हालाच."

"हो," गमरे म्हणाले. "माझ्यामुळेच गेला, तेही खरं."

महिन्याभरात लॉबीत नव्या टाईल्स बसल्या. त्यांची निवड सोसायटीच्या समितीने केली होती, 'इटालियन लुक' म्हणून. खऱ्या दगडाचे छायाचित्र घेऊन ते टाईलवर छापतात. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या-करड्या रेघा, आणि दर चौथ्या टाईलवर, तंतोतंत त्याच जागी, निमुळत्या शंकूच्या आकाराचा, आडव्या कप्प्यांचा एक नॉटिलॉइड.

चंपाबेन लिफ्टची वाट पाहत त्याच टाईलवर उभ्या होत्या.

"आता बघा कसं स्वच्छ वाटतं," त्या म्हणाल्या. "आणि डिझाइन पण किती छान आहे. हे काय असेल, गमरेभाई? पान आहे का?"

गमरे यांनी खाली पाहिले. लिफ्ट अजून अकराव्या मजल्यावर होती.

"असेल," ते म्हणाले. "पानच असेल."