दारापुढचं खळं

"काकी, डोंगर अजून सरकतोय. खाली चला."

"तू जा गो बाय. दिवा लावायची वेळ झाली की येते मी."

सुनंदाकाकी दरड कोसळली तिथेच बसली होती. घर गाडलं गेलं, त्यात नवराही गेला. उरलं होतं अर्धं खळं, म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. वर जायला बंदी होती. ती रोज संध्याकाळी जायचीच.

मी देवरूखच्या एका संस्थेत काम करते. दरडीतून वाचलेल्यांसाठी सेल्फ-केअरची सेशन्स घेते, म्हणजे अशा काळात झोप, जेवण, मन कसं सांभाळायचं ते सांगते. पत्रक मीच लिहिलेलं. पहिली ओळ: रोज थोडा वेळ स्वतःसोबत शांत बसा.

काकीने ते ऐकून घेतलं. म्हणाली, "दिवसभर एकटीच तर बसलेली असते. आणखी किती बसू?"

मग मी दरडग्रस्तांना दिलेला तात्पुरता निवारा नीट पाहिला आणि डोकं फिरलं. पत्र्याच्या खोल्या एकामागे एक. दार उघडलं की समोर पुढच्या खोलीची पाठ. शेजारीण जेवली की नाही, कळायची सोय नाही. ज्यांची माणसं गेली त्यांना एकमेकांचं तोंडही दिसू नये, असं आखलं कुणी?

बॉसला फोन लावला. "सर, सेशन बंद. आम्ही खळं करतोय."

"रिपोर्टमध्ये काय दाखवू?"

"ग्रुप थेरपी लिहा."

खोल्यांच्या टोकाला मोकळी जागा होती, पाऊस सरला होता. बायकांनी माती भिजवली. लाकडी चोपणं घेऊन मीही बडवायला लागले. काकी तिच्या खोलीच्या कोपऱ्याशी उभी राहून बघत होती. शेवटी राहवलं नाही.

"भाकऱ्या थापतेस काय? दे इकडं!"

निवाऱ्याचे साहेब धावत आले. "जागा तात्पुरती आहे! खोदकाम चालणार नाही!"

"खोदतंय कोण? चोपतोय," काकी म्हणाली. "बसायला या संध्याकाळी. येताना शेण आणा."

साहेबांनी शेण आणलं नाही, पण अडवलंही नाही.

आता काकी वर जात नाही. खळ्यात बसते, डोंगराकडे तोंड करून. एकदा म्हणाली, "ह्या वेळेला हे गुरं घेऊन यायचे."

'विसर आता' असं कुणीच म्हणालं नाही. शेजारणीने विचारलं, "तांबडी पुढं असायची, नाय गो?"

"तीच. हाक मारायच्या आधी गोठ्यात."

पुनर्वसन करणाऱ्यांनो, खोल्यांची दारं समोरासमोर ठेवा. खर्च तेवढाच येतो.