हळदीच्या जात्यावरचा पाळणा

लेकीच्या लग्नाची हळद दळायला बसले आणि हळकुंडांच्या वासानं मी माहेरी, कंग्राळीच्या सोप्यात, माझ्याच हळदीला जाऊन पोचले.

हळद दळताना म्हणायच्या गाण्याला आम्ही घाणा म्हणतो. त्याची पहिली ओवी नवरीच्या आईची. माझी आई मी पाळण्यात असतानाच गेलेली. जातं थांबलं, बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. तेवढ्यात शेजारच्या कानडी आक्कांनी खुंटा धरला आणि आपल्या भाषेत गायला लागल्या.

“आक्का, ह्यो तर पाळणा. घाण्याला चालत न्हाय,” आत्या म्हणाली.

“मला घाणा येत न्हाय गं. पर हिला ह्योच म्हणून निजवलंय मी.”

आत्यानं जात्यात हळकुंडं टाकली.

आज पहिली ओवी माझी होती. घाणा मला तोंडपाठ आहे. तरी आधी आक्कांचा पाळणाच म्हटला.