आठ चॅनेल, सगळे भरलेले

हर्षद,
तीन दिवस दार वाजवते आहे, उघडत नाहीस. म्हणून ही चिठ्ठी फटीतून सरकवते. मी तुझी घरमालकीण, सांत्वनाला आलेली नाही. तू आत बसून तेच तेच उलटंसुलटं करत असशील, म्हणून एकदा सरळ लिहून देते, दुसऱ्या कुणाची हकिगत लिहावी तशी. वाच.

दहिवलीत भाड्याच्या खोलीत राहणारा हर्षद कंपन्यांच्या, दवाखान्यांच्या फोनची यंत्रणा सांभाळायचा. कर्जतच्या एका खासगी दवाखान्याला आठ चॅनेल होते, म्हणजे एका वेळी आठच जण बोलू शकत. नवव्याला एंगेज. सगळं इंटरनेटवरून, तार दिसायला नाही, त्यामुळे त्याचं काम कुणाला दिसत नसे. फोन लागला तर देवाची कृपा, नाही लागला तर हर्षद नालायक.

त्या यंत्रणेत एक खोड होती. कुणी पहिल्याच रिंगला फोन कापला, तर कापल्याचा निरोप कधीकधी आत पोचायचाच नाही. माणूस गेलेला, चॅनेल अडकलेला. आणि आपल्याकडे कोंडाण्यापासून ठाकुरवाडीपर्यंत मिस्ड कॉल द्यायची रीतच! रिचार्जमध्ये बोलणं फुकट झालं, सवय काही गेली नाही. हर्षदने असे मुके कॉल मिनिटभरात आपोआप तुटतील अशी सोय केली. पण काउंटरवरची मुलगी लोकांना होल्डवर ताटकळत ठेवायची, आवाज नसल्याने तेही कॉल तुटायला लागले. मॅनेजर खेकसला. हर्षदने वैतागून मिनिटाचा तास केला आणि रोज सकाळी दहाला स्वतः अडकलेले चॅनेल मोकळे करू लागला. हा उपाय नव्हे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. निरोप अडवतो तो राउटरच बदला म्हणून दोनदा लिहून दिलं, दोन्ही कागद ड्रॉवरमध्ये गेले.

त्याची आई अंबूबाई कोंडाण्याला, थोरली सून हर्षला हिच्याजवळ. तिला त्याने समजावलं होतं.

“आये, दवाखान्यात मिस कॉल देऊ नको गं. समोरचं बोलेपर्यंत धरून ठेव.”

“तुला देते तं तू करतोस ना फिरून?”

“मी पोरगा हाय तुजा. तो दवाखाना हाय.”

“मग दवाखान्याला आई नाय का रं?”

तो हसला. हसण्यावारी गेलं.

मंगळवारी नऊच्या सुमारास तिच्या छातीत कळ आली. हर्षला शेतावर. हर्षद खालापूरच्या एका कारखान्यात, मोबाईल गेटवर जमा. अंबूबाईने आधी त्याला मिस्ड कॉल दिला, मग दवाखान्याला. आणि फोन मांडीवर घेऊन ओटीवर बसून राहिली, कुणीतरी फिरून करेल म्हणून.

साडेनऊला हर्षला आली तेव्हा सासू घामाने निथळत होती. तिने ॲम्ब्युलन्ससाठी दवाखान्याला फोन लावला. एंगेज. परत लावला, एंगेज. अकरा वेळा. शेवटी शेजारच्या नामाने टेंपो काढला. कर्जत येईपर्यंत अंबूबाई गेली होती.

बारावं झाल्यावर हर्षद दवाखान्यात गेला आणि त्या मंगळवारची यादी उघडली. साडेनऊला आठही चॅनेल भरलेले, बोलत कुणीच नाही. तीन मुके कॉल कुणाकुणाचे. उरलेले पाच एकाच नंबरचे. तो नंबर त्याला पाठ होता. आईने पाच वेळा हाक मारली होती, आणि प्रत्येक हाकेने सुनेची एकेक वाट बंद केली होती. त्याने मिनिटच ठेवलं असतं, तर साडेनऊला आठही मोकळे असते. यादी मिटून तो घरी आला, जिन्यात मालकिणीला एवढं सांगितलं आणि आतून कडी घातली.

यात आणखी एक गोष्ट आहे. अंबूबाई प्रौढवर्गात शिकलेली, मोठं अक्षर लावून लावून वाचायची. म्हणून गणपतीच्या आधी हर्षदने मालकिणीकडून एका पुठ्ठ्यावर बोटभर जाड अक्षरांत लिहून घेतलं होतं: ‘दवाखान्यात मिस्ड कॉल देऊ नये. समोरून बोलेपर्यंत फोन धरावा.’ रविवारी कोंडाण्याला नेऊन तो आईच्या चार्जिंगच्या बोर्डावर लावायचा, असं ठरलं. तो रविवार गेला, पुढचेही गेले. त्याने नेला नाही. रोज त्याच जिन्याने चढणाऱ्या-उतरणाऱ्या मालकिणीनेही आठवण करून दिली नाही. पुठ्ठा अजून जिन्याखाली, सायकलीमागे उभा आहे.